वन्सं, लिफ्टच ना?

वन्सं, सुक्या जवळ्याची पिशवी अजून माझ्या स्वयंपाकघरात खुंटीला आहे. कळंबहून आणली तशीच, गाठही सोडलेली नाही. घरभर वास सुटलाय. सून नुसती खिडक्या उघडत फिरते. काल मात्र म्हणाली, "आई, मी निवडून टाकू का तो?" मी म्हटलं, "हात लावू नकोस. तो कोणी निवडायचा ते अजून ठरलेलं नाही." तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच नवऱ्याला हाक मारली. तेव्हापासून दोघं माझ्यावर लक्ष ठेवून आहेत.

त्यांना काय सांगू? हरणारीनं जवळा निवडायचा, हा आपला नेम. आणि या वेळी कोण हरलं ते सांगायच्या आतच तुम्ही निघून गेलात.

तुमच्या दिवसांना माणसं बरीच आली. टेलिफोन खात्यातल्या मैत्रिणी काठ्या टेकत आल्या. सगळ्यांनी तेच म्हटलं. लग्न केलं नाही, धाकट्या भावाच्या संसाराला हात दिला, रिटायर झाल्यावर एकटीनं जग बघितलं, आणि झोपेतच गेल्या, कसं सोन्यासारखं मरण. मी मान डोलवत चहा फिरवत होते. तुमच्यासाठी सोन्यासारखं असेल. सकाळी समोर तुमच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकलेली बघून माझ्याकडची किल्ली मी फिरवली होती. माझ्या वाट्याला आलं ते कशासारखं होतं, हे कुणी विचारलं नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "नणंदेसाठी एवढी रडणारी भावजय मी पहिल्यांदाच बघतेय." मी म्हटलं, "लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी त्यांच्या नावानं रडायचे, ते बघायला तुम्ही नव्हतात." काकूंना हसावं की नाही ते कळेना. तुम्ही असतात तर हसला असतात. खोलीत हसणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मग मीही नाही हसले.

ती नवी नवरी आठवते ना तुम्हाला? मला आठवते, आणि तिची इतकी कीव येते की चिमटा काढावासा वाटतो. कोकणातून विरारला आली आणि दारामागेच उभी राहिली. भाजीला जायचं तर सोबत हवी, देवळात जायचं तर सोबत हवी, रस्ता ओलांडायचा तर कुणाचा तरी पदर हवा. वर ताठा असा, की भित्री म्हटलेलं खपायचं नाही. आम्ही घरंदाज, आम्ही एकट्या फिरत नाही. तुम्ही कामावरून यायच्यात, चप्पल काढता काढता विचारायच्यात, "मंगल, आज कुठवर मजल?"

"गच्चीवर."

"बापरे. व्हिसा लागला का?"

ती बया मग दोन दिवस तुमच्याशी बोलायची नाही. भाकरी वाढायची ती ताटाच्या कडेला आपटून. तुम्ही मुकाट जेवायच्यात आणि उठताना म्हणायच्यात, "भाकरी चांगली होती. आवाज जरा कमी हवा होता."

तुम्ही पहिल्यांदा इस्तंबूलला गेलात ते रिटायर झाल्यावर. निघताना तुमच्या बॅगेत काडी मोडलेली छत्री बघून मी ह्यांना म्हटलं, तुमच्या बहिणीचं डोकं फिरलंय, मोडकी छत्री घेऊन परदेशी चालल्यात. परत आलात तेव्हा छत्री धड होती. मग तुम्ही मला ते समजावलंत. परक्या शहरात नुसतं बघायला गेलं की आपण चार दिवस भिंती बघतो आणि पाय दुखवून घेतो. पण हातात काहीतरी मोडकं असलं की काम निघतं. छत्री दाखवत विचारत जायचं. कुणी या गल्लीत पाठवतं, कुणी त्या. सगळी देखणी दुकानं मागं पडतात आणि आपण जिथं गावची माणसं राहतात तिथं पोचतो. दुरुस्त होईस्तोवर तिथंच बसायचं. बसलेल्या बाईला कुठंही चहा मिळतो. "शहराला माझी गरज नसते मंगल," तुम्ही म्हणालात, "पण छत्री मोडली म्हटल्यावर त्याला विचारावंच लागतं, काय झालं बाई?"

मी म्हटलं, छत्री विरारलाही दुरुस्त होते. तुम्ही म्हणालात, "विरारचा छत्रीवाला मला चहा देत नाही."

हे गेले, वर्ष झालं, आणि तुम्ही माझ्या हातात बँकॉकचं तिकीट ठेवलंत. एकटीचं. मी म्हटलं, मी कशी जाणार? तुम्ही म्हणालात, "विमानानं." बस्स, पुढं चर्चा नाही.

तेव्हा मी आजी झालेली होते, पण आतली नवरी काही मेली नव्हती. काय काय भरलं तिनं बॅगेत. मेतकूट, दशम्या, डबाभर चिवडा, आणि एक पितळी कुलूप, हॉटेलच्या दाराला आतून लावायला. आतून कडीच नव्हती, त्यामुळे कुलूप उशाशी ठेवून झोपली. दोन दिवस खोलीत बसून चिवडा खाल्ला आणि खिडकीतून समोरच्या गाड्यांचा तळ बघितला. तिसऱ्या दिवशी चिवडा संपला. बॅगेच्या तळाशी आणखी खायला आहे का बघताना हाताला लागली माझीच अंगठा तुटलेली चप्पल. तुम्ही गुपचूप घातलेली. तुमच्या नावानं बोटं मोडत मी ती घेऊन खाली उतरले. रस्त्यात एक चांभार बसला होता. त्यानं मला बुटक्या स्टुलावर बसवलं. त्याच्या बायकोनं तिखट-साखर लावलेल्या पेरूच्या फोडी पुढं केल्या. मी जाताना चप्पल बघत होते, येताना शहर बघत आले.

पण हे तुम्हाला सांगायची लाज वाटली. घरी येऊन मी राजवाडा सांगितला, हत्ती सांगितले, नदीतला बाजार सांगितला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

"राजवाड्याचे खांब कुठल्या रंगाचे?"

"पांढरे."

"आणि हत्ती?"

"तेही पांढरे."

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "मंगल, सगळीच थाप मारू नये गं, ऐकणाऱ्याला मजा येत नाही. एकच मार. पण अशी मार की मला झोप लागली नाही पाहिजे."

तिथून आपला डाव सुरू झाला. वर्षाआड एकदा तुम्ही, एकदा मी. आल्यावर नालासोपाऱ्याहून रिक्षा करून कळंबला जायचं, सुरूच्या सावलीत बसायचं, आणि प्रवास तोंडानं सांगायचा. फोटो दाखवायचे नाहीत. सांगण्यात एकच थाप, बाकी सगळं खरं. दुसरीनं सवडीनं विचार करून ती ओळखायची. येताना तिथल्या जवळेवालीकडून वर्षाचा जवळा घ्यायचा. हरेल तिनं तो निवडायचा, भाजायचा आणि दोन बरण्यांत भरायचा, एक तुमची, एक माझी. ती इवलीशी सुकी कोळंबी निवडता निवडता डोळे फुटतात, कंबर मोडते, त्यामुळे दोघीही जीव तोडून खेळायचो.

हनोईला आगगाडी घरांच्या इतकी जवळून जाते की लोक दारातल्या खुर्च्या आत घेतात, असं तुम्ही सांगितलंत. मी छातीठोकपणे म्हटलं, थाप. हरले. निवडताना शिव्या देत होते तुम्हाला. मग माझ्या लक्षात आलं की थाप मारताना तुम्ही चष्मा पुसता. एक वर्ष त्यावर जिंकले. पुढच्या खेपेला तुम्ही सगळा वेळ चष्माच पुसत बसलात.

आता हे कुणाला सांगितलं तर वाटेल दोघी म्हाताऱ्या मजेत होत्या. होतो. पण एक गोष्ट मला कायम सलत राहिली, आणि ती तुम्हालाही माहीत होती. मला तुमच्याबरोबर जायचं होतं. एकदाच. धाकट्या नातीच्या बारशानंतर मी ते उघड बोलले. तुम्ही म्हणालात, "दोघी गेलो तर परत येऊन सांगणार कुणाला?" मी म्हटलं, एकमेकींना सांगू. तुम्ही म्हणालात, "मग थाप कशी मारणार? तू तिथंच असशील." मी चिडले. तुम्ही हसलात. त्यानंतर दर प्रवासाच्या आधी हाच वाद, आणि दर वेळी तुमचीच सरशी. शेवटी मी विचारायचं सोडलं. मनात म्हटलं, बाईला माझी सोबत नको आहे, मला फक्त कानासाठी ठेवलंय. हे तुम्हाला कधी बोलले नाही. आता बोलून काय होणार आहे.

या वेळी तुम्ही तिबिलिसीला गेलात. नाव ऐकून मी म्हटलं, हे औषध आहे का? दुरुस्तीला न्यावं असं मोडकं काही तुमच्याकडे उरलं नव्हतं, म्हणून माझी काळी पर्स मागून नेलीत, जिची चेन गेली होती. परत आणलीत ती लाल चेन लावून.

कळंबला त्या दिवशी वारा नव्हता. तुम्ही पाय लांब करून बसलात आणि सांगायला लागलात. तिथं गंधकाच्या पाण्याची न्हाणीघरं आहेत आणि एक आडदांड बाई तुम्हाला दगडी ओट्यावर आडवं घालून काळ्या कढईसारखं घासते. तिथली मेट्रो इतकी खोल आहे की सरकत्या जिन्यावर तुमचा अख्खा जप झाला. दुकानात मेणबत्त्या टांगलेल्या दिसल्या, चर्चमध्ये लावावी म्हणून एक घेतलीत, तर दुकानदारीण पोट धरून हसायला लागली, कारण ती द्राक्षाच्या रसात बुडवलेली अक्रोडांची मिठाई होती. पाव भाजणारा माणूस विहिरीसारख्या भट्टीत कमरेपर्यंत वाकतो, पाय तेवढे बाहेर. तुमच्या पर्सवाल्याचं दुकान होतं जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, आणि तिथली लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही. तुमच्याकडे सुटं नव्हतं, म्हणून लिफ्टमध्ये उभ्या राहिलात, कुणीतरी नाणेवाला येईपर्यंत.

लिफ्ट ऐकताच मी मनात म्हटलं, सापडली.

आणि मग तुम्ही म्हणालात, "संध्याकाळी नदीवरच्या पुलावर उभी होते. खाली गढूळ पाणी. एकदम वाटलं, मंगलला आणायला हवं होतं. इतकं वाटलं की पुढं काही बघवेना. तशीच खोलीवर गेले."

तुम्ही समुद्राकडे बघत होतात. चष्मा पुसला नाहीत. तुम्ही उठून साडीची वाळू झटकलीत आणि म्हणालात, "चल, जवळा घेऊ. ओळख सावकाश, घाई नाही."

घाई होती, वन्सं.

रिक्षात माझ्या तोंडाशी आलं होतं, लिफ्ट. पण म्हणवेना. लिफ्ट खरी निघाली तर? तुम्ही सहज म्हणाल, अगं नाही, पूल, तू कशी फसलीस, आणि हसाल. मला या वेळी जवळ्याची भीती वाटत नव्हती. तुम्ही ते वाक्य काढून घ्याल याची वाटत होती. म्हणून म्हटलं, राहू दे चार दिवस माझ्याजवळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मिळालं होतं.

आणि चार दिवस सरायच्या आत ती दुधाची पिशवी.

तुमची सुटकेस मीच उघडली. तुमच्या हातची एखादी चिठ्ठी निघेल, पुलाबद्दल दोन ओळी निघतील, अशी मला आशा होती, खोटं कशाला बोलू. हॉटेलचे साबण निघाले. नेहमीसारखे चोरलेले. आणि कागदात गुंडाळलेली ती मेणबत्तीसारखी मिठाई, अर्धी खाल्लेली. म्हणजे मिठाई खरी.

तिथंच मी थांबायला हवं होतं. पण जित्याची खोड. ईशाला हाक मारली, म्हटलं, फोनवर बघ गं तिबिलिसीला गंधकाची न्हाणीघरं आहेत का. नात माझ्या शेजारी पलंगावर बसली.

"आहेत आजी. हे बघ, दगडी ओटे. आणि घासणाऱ्या बायका पण असतात."

"मेट्रो बघ."

"खूप डीप आहे. आत्याआजी या जिन्यावर उभी होती? कसली भारी ना."

"पाववाला."

तिनं मला फोटो दाखवला. भट्टीतून खरंच पाय तेवढे बाहेर.

पोर दर वेळी खुशीत "खरंय आजी, खरंय" म्हणत होती आणि दर खऱ्यागणिक माझा पूल एकेक पाऊल थापेकडं सरकत होता. न्हाणीघर खरं, जिना खरा, मिठाई खरी, भट्टी खरी. उरलं काय? लिफ्ट आणि पूल. आणि थाप एक असायलाच हवी. तुम्ही नियम कधी मोडला नाहीत.

"अजून काय म्हणाली होती आत्याआजी? सर्च करते."

"काही नाही. ठेव तो फोन."

"अगं पण मघाशी तू म्हणालीस एक लिफ्ट पण—"

"ठेव म्हटलं ना."

ती दचकली. मग बिचारीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. म्हणाली, "आजी, तू परत जा ना कुठंतरी. आल्यावर मला सांग. मी ऐकेन." मन चांगलं आहे पोरीचं. म्हणून मी तिला माझा जुना कोलंबोचा प्रवास सांगून बघितला, तुम्ही ऐकलात तोच, तीच थाप घालून, किल्ल्या बनवणाऱ्याच्या पाळलेल्या कावळ्याची. तो कावळा गिऱ्हाइकाला अचूक किल्ली काढून देतो. तुम्ही हे ऐकल्याबरोबर म्हणाला होतात, "कावळ्याला आण मंगल, मला माझ्या कपाटाची हवीय." ईशा म्हणाली, "सो क्यूट." सगळं खरं मानलं तिनं. मला तेव्हा कळलं की माझा प्रवास संपला. पासपोर्टला मुदत आहे, गुडघे अजून चालतात, घरात मोडक्या वस्तूंना तर तोटाच नाही. पण विमानातून उतरून, परक्या गल्लीत स्टुलावर बसून मी जे जे बघत होते, ते तुम्हाला कसं सांगायचं हे ठरवत बघत होते. तुमच्या आधी मी दारामागे उभी होते. आता परत तिथंच.

एक मानायला हवं. त्या नवरीला दारातून बाहेर काढलंत ते तुम्ही. टोमणे मारून, तिकिटं आणून, बॅगेत चपला लपवून. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, ही थाप.

परवा मी कळंबला गेले. एकटीच रिक्षा केली. काही आणायचं नव्हतं. सुरूखाली बसले, बसवेना, उठले. जवळेवालीनं आपल्या काळ्या छत्रीखालून हाक मारली.

"आज एकटीच काय गो बाय? ती चष्म्यावाली कुठं गेली?"

"बाहेरगावी गेल्यात."

"परत? लय फिरते ती. आली का घेऊन ये, पानी न लागलेला जवला ठेवते तिला."

"बरं," मी म्हटलं.

इतकी वर्षं थापा मारल्या, पण एवढी सरळ कुणी गिळली नव्हती. ती बाई माझ्याकडे बघून हसली आणि माशा वारायला लागली. मला तिच्या पायांपाशी बसून ओरडावंसं वाटलं, ओळख ना गं, ही थाप आहे, ओळख.

आज सकाळपासून हवा दमट झाली आहे. जवळा आता ठेवला तर बुरा येईल. म्हणून मी पिशवी सोडली. सुपात घेऊन खिडकीत बसले. सून म्हणाली, "ठरलं का आई, कोणी निवडायचा?" मी म्हटलं, "ठरलं."

माझं उत्तर लिफ्ट, वन्सं. कुणाला विचारणार नाही, कुठं बघणार नाही. तिबिलिसीला जाऊन आलेलं कुणी भेटलं तर त्याच्यापुढून उठून जाईन. उत्तर चुकलं असलं तरी जवळा निवडलाय, त्यामुळे तुमचं माझ्याकडे काही राहिलं नाही. आणि बरोबर असलं तर तुम्ही हरलात, तरीही निवडला मीच. नेहमीसारखी तुमचीच सरशी.

कचरा काढला, मुंडकी मोडली, मंद आचेवर भाजला. थंड झाल्यावर दोन बरण्या पुसून घेतल्या आणि हाताला सवय म्हणून दोन्ही सारख्या भरल्या. माझी फडताळात ठेवली.

तुमची हातात घेऊन उभी आहे.